खड्डा क्रमांक एक

"आत हात घाल. घाबरू नकोस, खड्डा चावत नाही," मी सिंधूला म्हणालो.

सातवीची पोरं खड्ड्याभोवती गोल करून उकिडवी बसली होती. निंबखिंडीच्या रस्त्यावरचा हा खड्डा गुडघाभर खोल होता आणि त्याची एक कड भाकरी मोडावी तशी सरळ उभी तुटलेली होती. आमच्या शाळेत फळा एकच, आणि त्याचाही रंग उडालेला. त्यामुळे हवा बरी असली की मी पोरांना घेऊन इथं यायचो.

सिंधूनं बाही वर सारली आणि हात घातला.

"वर काय लागतं?"

"डांबर, गुरुजी."

"जाड की पातळ?"

"पाहुण्याला वाढायच्या भाकरीएवढं."

"म्हणजे?"

"म्हणजे पातळ. आमच्या घरी पाहुण्याला पातळच करतात."

पोरं हसली. मीही हसलो. "बरं, त्याखाली?"

"मुरूम. त्याखाली हातानं फोडलेली खडी. ही आमच्या आजीनं फोडलीय, दुष्काळात."

"आणि तळाला?"

"मोठे दगड. गोऱ्या साहेबाच्या वेळचे."

"मग आपण वरून खाली गेलो की कुठं जातो?"

"मागं मागं जातो," सगळी एका सुरात म्हणाली.

तेवढ्यात एक जीप डुलत डुलत आली आणि आमच्याजवळ थांबली. आतून एक उंच, किडकिडीत गृहस्थ उतरले. इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं. मला वाटलं, रस्त्यात पोरं बसवली म्हणून आता बोलणी बसणार. पण ते पुढं आले, पँटची पर्वा न करता खड्ड्याच्या काठावर बसले आणि सिंधूला म्हणाले, "बाळ, पुन्हा एकदा सांग बघू."

सिंधूनं पुन्हा सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा हरवलेली अंगठी सापडलेल्या माणसासारखा झाला.

"गुरुजी, हे तुम्ही शिकवलंत?"

"खड्ड्यानं शिकवलं. मी नुसता शेजारी बसतो."

"मी पटवेकर. बांधकाम खात्यात उपअभियंता आहे." ते उठले आणि रस्त्यावर लांबवर पसरलेल्या खड्ड्यांकडं बघत हळूच म्हणाले, "मला नेमकं हेच हवं होतं."

बांधकाम खात्याच्या माणसाला खड्डे हवे असतात हे मी आधीही ऐकून होतो. पण इतक्या प्रेमानं म्हणताना पहिल्यांदाच ऐकलं.

त्या वेळी निंबखिंडीला एसटी येत नव्हती. पूर्वी यायची. मग रस्ता बिघडला, एका गाडीचा पाटा मोडला, दुसरीचा आरसा बाभळीत अडकून राहिला, आणि आगारप्रमुखांनी गाडी बंद केली. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर तालुक्याला जायचं, म्हणजे खिंड उतरून फाटा, आणि फाट्यापासून हमरस्त्यानं पुढं. मुलगे सायकली हाणत जायचे. मुली सातवीनंतर घरी बसायच्या. गाडी बंद झाल्यापासून गावची एकही मुलगी आठवीत गेली नव्हती.

त्या वर्षी सातवीत पाच मुली होत्या, आणि पाचही हुशार. सिंधूचा बाप बबन मला म्हणाला होता, "गुरुजी, जूनला गाडी आली तर पाठवतो. न्हाई आली तर मामाच्या पोराचं स्थळ आलंय, त्याला व्हय म्हणतो. मला दोन्ही चालतं." त्याला दोन्ही चालत होतं. सिंधूला एकच चालत होतं.

मी आगारप्रमुखांकडं जाऊन बसलो होतो. ते म्हणाले, "रस्ता नीट करा, दुसऱ्या दिवशी गाडी देतो." दिवाळीनंतर रस्त्याचं काम मंजूरही झालं. खडीचे आणि मुरमाचे ढीग रस्त्याच्या कडेनं येऊन पडले. आता काम सुरू होणार, असं गाव रोज एकमेकांना सांगत होतं.

तेवढ्यात पटवेकर साहेब आले.

फाट्यावर खात्याचा एक जुना डाक बंगला होता. तिथं 'रस्तेबांधणी इतिहास संग्रहालय' काढायचं वरून ठरलं होतं, आणि ते काम पटवेकरांच्या गळ्यात पडलं होतं. गळ्यात पडलं म्हणजे इतरांच्या दृष्टीनं. पटवेकर मात्र ते हाराप्रमाणं मिरवत होते. मुलांना घेऊन बघायला या, असं त्यांनी स्वतः बोलावलं, म्हणून आम्ही गेलो.

अंगणात एक जुना रोड रोलर उभा होता, त्याच्या नळकांड्यात साळुंकीचं घरटं. शेजारी बैलांनी ओढायचा लोखंडी रूळ, जमीन ठोकायचे दोनचार धुम्मस, घमेली, घण. भिंतींवर फोटो होते. प्रत्येक फोटोत टोपीवाला साहेब पुढं, रस्ता मागं, आणि रस्ता बांधणारी माणसं साहेबाच्या टोपीआड गेलेली. मधल्या खोलीत काचेच्या पेटीत रस्त्याचा नमुना कापून ठेवला होता, आणि समोर पाटी होती: 'आदर्श रस्त्याचे चार थर.'

सिंधूनं काचेला नाक लावलं. "गुरुजी, पाटीवर चार थर आहेत. पेटीत तीनच दिसतात."

पटवेकरांनी खाली वाकून मोजले. मग सुस्कारा टाकला. "पेटी ठेकेदारानं केलीय, बाळ. त्याला सवय आहे."

"आणि साहेब, यातला कुठला रस्ता खरा?" मी विचारलं.

"तेच तर दुखणं आहे, गुरुजी. लोक काचेतला रस्ता बघून काय शिकणार? म्हणून तर तुमचा रस्ता मला आवडला."

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण आपल्या शिकवण्याची कोणी स्तुती केली की शिक्षकाचं डोकं जरा वेळ बंद पडतं.

पंधरवड्यानं रस्त्यावर पाट्या लागल्या.

सरपंच रंगनाथअण्णा सकाळी धावत शाळेत आले. "गुरुजी, चला. आपला रस्ता वारला."

जाऊन पाहिलं, तर फाट्यावर मोठा फलक: 'संग्रहालयाचे खुले दालन. हा रस्ता ऐतिहासिक आहे. दुरुस्ती करण्यास सक्त मनाई.' आणि तिथून गावापर्यंत प्रत्येक खड्ड्याला पांढरा चुना मारलेल्या दगडांची कड आणि एक लोखंडी पाटी. 'खड्डा क्रमांक चार. डांबरी काळ.' 'खड्डा क्रमांक अकरा. पहा: दुष्काळी कामाची खडी.' ज्या खड्ड्याशी मी पोरांना बसवायचो, त्याला मान मोठा. त्याच्याभोवती साखळी लावली होती. 'खड्डा क्रमांक एक. येथे इतिहासाचे सर्व थर एकत्र दिसतात.'

रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगांनाही पाट्या होत्या. 'रस्त्याचे साहित्य. हात लावू नये.'

संध्याकाळी पारावर गाव जमलं. मी गेलो, आणि सगळे एकदम गप्प झाले. ही गप्प बसण्याची तऱ्हा मला माहीत होती. वर्गात काच फुटली की पोरं अशीच बसतात.

"गुरुजी," एकजण म्हणाला, "वर्गात जागा कमी पडली व्हती का?"

"खड्ड्यात बसून इतिहास शिकवला," दुसरा म्हणाला. "आता आमी इतिहासात बसलोय."

"माझ्या गाडीचं चाक काल नऊ नंबरात गेलं," बबन म्हणाला, "तर चौकीदार म्हणतो, प्रदर्शनातल्या वस्तूचा काठ मोडला, नोटीस येईल. म्हंजे बैल माझा लंगडा झाला, आन् नोटीस पण मलाच."

सिंधूची आजी, द्वारकाआजी, पाराच्या कडेला तंबाखू मळत बसली होती. ती म्हणाली, "मास्तरला कशाला बोलता? त्यो शिकवायचं काम करीत व्हता. तुमी कुनी खड्डा बुजवायचं काम केलं का येवढ्या वर्सांत?" मग माझ्याकडं वळली. "पर मास्तर, पोरीचं काय? बबन्या मामाकडं सांगावा धाडायचा म्हनतोय."

"जून अजून लांब आहे, आजी."

"जून लांब हाय. मामा जवळ राहतो."

मी पटवेकरांना भेटलो. सगळं सांगितलं. मुली, गाडी, जून. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मनापासून ऐकलं, डोळ्यांत पाणीही आणलं, आणि म्हणाले, "गुरुजी, पण आता दुरुस्ती शक्य नाही. तो शब्दच काढता येणार नाही. उद्या कोणी म्हणेल, शिल्पाचं नाक झिजलंय, जरा सिमेंट लावून द्या. लावायचं का?"

"नाकावरून एसटी जात नाही, साहेब."

"मुद्दा तो नाही," ते म्हणाले. पण मुद्दा कोणता ते त्यांनी सांगितलं नाही.

उद्घाटनाच्या आधी पटवेकर गावात आले. शहरातून खात्याचे मोठे साहेब येणार होते, आणि त्यांच्यापुढं जुन्या पद्धतीनं रस्ता कसा बांधत ते करून दाखवायचं होतं. त्याला शब्द होता 'प्रात्यक्षिक'. दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या बायका अजून गावात होत्या. पटवेकर द्वारकाआजीच्या ओट्यावर येऊन बसले. मी सोबत होतो.

"आजी, तुम्हाला ते दिवस आठवतात ना?"

"आठवत्यात की. भूक लई लागायची."

"तसं नव्हे. काम कसं करत होता?"

"मुकादम वरडायचा, तसं."

"आणि गाणी? खडी फोडताना म्हणायची गाणी असतील ना?"

आजीनं मळलेली तंबाखू तशीच तळहातावर धरली. "साहेब, धूळ नाकातोंडात जायची. तोंड उघडलं तर खडी आत. गाणी कुटली म्हनतो आमी?"

पटवेकरांचा चेहरा उतरला. "मोठे साहेब विचारतील हो. प्रत्येक संग्रहालयात गाणी असतात."

आजीला दया आली. "बरं, रडू नगा. म्हनू कायतरी. पर काम करायचं तर खरी खडी पायजे. खरा मुरूम, पानी, रूळ. नुसतं हात हलवून मी न्हाई करनार, मला लाज वाटंल."

"सगळं खरं देतो! ढीग पडलेच आहेत की कडेला."

"त्याला तर हात लावायचा न्हाई ना?"

"प्रात्यक्षिकासाठी चालतो," पटवेकर म्हणाले. "दुरुस्तीला चालत नाही."

आजीनं हे ऐकलं. मीही ऐकलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर हसू आलं असतं.

उद्घाटनाला मांडव, सनई, आणि फाट्यापासून पहिल्या पाटीपर्यंत लाल गालिचा. गालिचा खड्ड्यांवरून अंथरल्यामुळं मोठे साहेब त्यावरून बोटीत चालल्यासारखे आले. भाषणं झाली. रस्ते म्हणजे देशाच्या रक्तवाहिन्या आहेत, असं तिघांनी सांगितलं.

मग गावचे बापे आणि बाया पुढं झाले. पटवेकरांनी प्रात्यक्षिकापुरत्या दिलेल्या खड्डा क्रमांक दोनच्या जागी त्यांनी खोदून कडा सरळ केल्या, तळाला दगड रचले, वर खडी पसरली, धुम्मसानं ठोकली, मुरूम टाकला, पाणी मारलं. बबननं आपली दुसरी बैलजोडी संग्रहालयातल्या लोखंडी रुळाला जुंपली. रूळ फिरू लागला, तसा आजीनं पदर खोचला आणि सूर लावला:

खडी फोडिते बाई मी गोल गोल,
साहेबाची जीप कशी चालते डुलत डोल.
खडी फोडिते बाई मी बारीक,
साहेब देई नुसती पुढली तारीख.

बाया मागं म्हणू लागल्या. पटवेकर घामाघूम झाले. पण मोठ्या साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. "वा! किती जुनं असेल हे?"

"लई जुनं हाय," आजी म्हणाली. "सकाळपासनं म्हनतोय."

ते हसले. त्यांना वाटलं, ही म्हातारी विनोद करते. मग त्यांनी त्या नव्या तुकड्यावर पाय आपटून बघितला. टणक होता. "पटवेकर, उत्तम! हे एकदाच करून सोडू नका. दर रविवारी ठेवा. लोक बघायला येऊ देत."

मी हात जोडून पुढं झालो. "साहेब, एक शंका आहे. मी शिक्षक आहे, म्हणून विचारतो."

"विचारा, विचारा."

"पुढच्या रविवारी हे कुठं करायचं? हा तुकडा तर झाला. पुन्हा करायचा तर उखडावा लागेल."

"छे, उखडायचा कशाला? चांगला झालाय. त्याच्या पुढं करा."

"आणि त्याच्या पुढच्या रविवारी?"

"त्याच्या पुढं! यात विचारायचं काय?"

"नाही, मुलांना नीट सांगता यावं म्हणून," मी म्हणालो.

पटवेकर शेजारीच होते. त्यांनी माझ्याकडं जरा चमकून पाहिलं. पण मोठ्या साहेबांच्या तोंडून निघालेलं वाक्य. त्यापुढं त्यांनी मान तुकवली.

पहिल्या रविवारी वीसतीस माणसं आली. दुसऱ्या रविवारी सगळं गाव आलं. अर्धे प्रात्यक्षिक करणारे, अर्धे बघणारे, आणि दमले की अदलाबदल. संग्रहालयाच्या चौकीदारानं दारातली माणसं मोजली आणि त्याला घेरी यायची वेळ आली. पटवेकरांनी आनंदानं वर कळवलं: एवढी गर्दी खात्याच्या कुठल्याही संग्रहालयाला आजवर झालेली नाही. वरून शाबासकी आली आणि आणखी खडी आली.

मग मी शाळेच्या वतीनं विचारलं, बुधवारी मुलांसाठी खास प्रात्यक्षिक ठेवता येईल का? मंजूर. महिला मंडळाला शुक्रवारी वेळ सोयीची होती. तीही मंजूर. उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा गावोगावचे पाहुणे येतात, त्यांना बघायला मिळावं म्हणून रोजच ठेवलं. इतिहासाची इतकी आवड निंबखिंडीला कधीच नव्हती. पारावर पत्ते खेळणारे लोक सकाळी उठून 'जरा संस्कृतीचं बघून येतो' म्हणून फावडं घेऊन निघायचे.

माझी पोरं शिकत होतीच. दगड रुंद बाजूनं खाली बसवायचे, टोक वर. फटींत बारीक कपची. मुरमात माती जास्त असली की पावसात रस्त्याचा पाया सुटतो. सिंधू तर पाहुण्यांना हातात काठी घेऊन समजावून सांगायची, आणि एखादा पाहुणा नुसता उभा राहिला की म्हणायची, "काका, बघून कळत नाही. घमेलं धरा."

बबनही रोज बैल घेऊन यायचा. एकदा मी त्याला विचारलं, "मामाकडं सांगावा धाडलास का?"

"न्हाई अजून," तो म्हणाला. "बैल मोकळं व्हऊ द्या."

मे संपत आला, तेव्हा पटवेकर एका सकाळी फाट्यावरून चालत निघाले. मला म्हणाले, "चला गुरुजी, दालनाची पाहणी करू."

आम्ही चालू लागलो. रस्ता पायाखाली सपाट, मधे किंचित उंच, दोन्ही अंगांना पाणी जाण्यापुरता उतार. पाट्या जागच्या जागी उभ्या होत्या. 'खड्डा क्रमांक चार. डांबरी काळ.' पाटीसमोर रस्ता ताटासारखा.

पटवेकर तिथं थांबले. पाटी वाचली. रस्त्याकडं पाहिलं. पुन्हा पाटी वाचली.

"गुरुजी, चार नंबर कुठाय?"

"प्रात्यक्षिकात गेला, साहेब."

पुढं गेलो. "अकरा नंबर?"

"तोही."

"नऊ? बैल लंगडा झाला तो?"

"तो तर कधीचाच. गावाचा आग्रह होता."

ते मटकन एका मैलाच्या दगडावर बसले. बोटांवर काहीतरी मोजू लागले. मी मोजू दिलं. एखाद्या मुलाला उत्तर कळत आलेलं असतं, तेव्हा मधे बोलू नये.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी ज्याची रोज वर बढाई मारत होतो..."

"ती बढाई नव्हती, साहेब. खरंच तसं काम झालंय. पाय आपटून बघा."

त्यांनी बसल्या बसल्या टाच आपटली. मग उठून दुसरीकडं आपटली. मग अभियंता जागा झाला असावा, कारण त्यांनी वाकून हातानं उतार चाचपला. "उतार कोणी काढला?"

"सातवीनं. पाण्याची परात ठेवून."

"आमच्या ठेकेदारापेक्षा बरा आहे," ते पुटपुटले. मग एकदम काकुळतीला येऊन म्हणाले, "पण गुरुजी, संग्रहालय आहे हो ते. लोक बघायला येणार. मी काय दाखवू? एक तरी ठेवा."

"एक ठेवलाय," मी म्हणालो, आणि त्यांना खड्डा क्रमांक एककडं घेऊन गेलो. साखळी, चुना, सगळं तसंच होतं. आत वाळली पानं पडली होती. पटवेकर काठावर बसले, आणि त्यांनी हात घातला. "डांबर, मुरूम, खडी, दगड," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "गुरुजी, तुमचं प्रात्यक्षिक अपुरं आहे."

मी विचारलं, "का?"

"खडी-मुरमाशी थांबलात. पहिल्या पावसात वाहून जाईल. इतिहास डांबरापर्यंत यायला नको?"

दुसऱ्याच आठवड्यात डांबराची पिंपं आली. अंगणातल्या रोड रोलरमधली साळुंकी पिल्लांसह उडून गेल्याची खात्री करून घेतली, निवृत्त झालेला त्याचा ड्रायव्हर शोधून आणला, आणि डांबरी काळाचं प्रात्यक्षिक पावसाच्या आधी पार पडलं. रोलर तिकडून इकडं येताना पटवेकर त्याच्यापुढं उलट पावलांनी चालत होते आणि पोरांसारखे ओरडत होते, "सावकाश! सावकाश!"

मी आगारप्रमुखांकडं गेलो. "साहेब, रस्ता नीट झाला."

"छान. दुरुस्ती झाल्याचा दाखला आणा. गाडी देतो."

मी पटवेकरांकडं गेलो. पटवेकरांनी डोकं धरलं. दुरुस्तीला मनाई होती. मनाईचा फलक त्यांनीच लावला होता. दुरुस्ती झाली असा दाखला दिला, तर ऐतिहासिक दालन नष्ट केल्याबद्दल आधी त्यांचीच चौकशी. आणि झाली नाही म्हटलं, तर गाडी नाही.

मी परत आगारप्रमुखांकडं. "साहेब, दुरुस्ती झालेली नाही."

"आत्ता म्हणालात झाली."

"रस्ता नीट आहे. पण दुरुस्त केलेला नाही."

"मग आपोआप झाला?"

"बघायला चला."

ते आपल्या जीपनं आले, फाट्यापासून गावापर्यंत गेले, परत आले. हातातला चहाचा पेला त्यांनी वाटेत मुद्दाम भरलेला ठेवला होता. सांडला नाही. "रस्ता उत्तम आहे," ते म्हणाले. "पण दाखल्याशिवाय गावाला गाडी देता येत नाही. नियम आहे. मी काय करू?"

शाळा उघडायला चार दिवस उरले होते. मुलींची नावं मी तालुक्याच्या शाळेत घालून आलो होतो, आणि बबननं ओसरीत बसून मामाच्या माणसाला चहा पाजला होता. द्वारकाआजी माझ्यासोबत आगारात आली होती. ती बाकावर बसून हे सारं ऐकत होती. ती म्हणाली, "साहेब, गावाला गाडी देता येत न्हाई. पर जत्रेला देता की न्हाई?"

"जत्रेला देतो. जादा गाड्या सोडतो."

"देवळाला?"

"यात्रेकरू असले तर देतो."

"आन् ह्यांच्या म्युझमला?"

आगारप्रमुख थांबले. फाट्यावरच्या दारात चौकीदारानं मोजलेली गर्दी त्यांच्याही कानावर आली होती. "प्रेक्षणीय स्थळ," ते हळूहळू म्हणाले. "त्याला रस्त्याचा दाखला लागत नाही. स्थळ आहे एवढाच दाखला लागतो."

तो पटवेकरांनी त्याच दिवशी दिला. त्यात एकच गोष्ट खात्रीनं लिहिलेली होती: खड्डा अस्तित्वात आहे.

शाळा उघडली त्या दिवशी सकाळी लाल गाडी आली. कपाळावर पाटी: 'संग्रहालय खुले दालन दर्शन.' गाडी गावात वळली, पाच मुली नवे गणवेश घालून चढल्या, आणि दर्शन घेत घेत तालुक्याला गेल्या. संध्याकाळी दर्शन घेत परत आल्या. दुसऱ्या दिवशीही. बबन बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. तो मला म्हणाला, "मामाला सांगितलं, पोरगी म्युझम बघायला जाते. रोज."

आता मला चालायला काठी लागते. डाक बंगल्याचं छप्पर गेलं, फोटोंना वाळवी लागली, पटवेकर निवृत्त होऊन मुलाकडं गेले. रोलर अंगणात आहे, साळुंक्या परत आल्या आहेत. हमरस्त्यावर मात्र दर वर्षी दुरुस्ती चालू असते.

नोकरी संपली, तरी मी अजूनही पावसाळा संपला की सातवीच्या पोरांना घेऊन जातो. परवा गुडघा दुखत होता म्हणून पोरांना पायी पुढं पाठवलं आणि मी गाडीत चढलो. कंडक्टर बाई पुढून मागं तिकिटं फाडत आली.

"कुठं, गुरुजी?"

"खड्डा."

"खड्डा, एक अर्धं," म्हणून सिंधूनं तिकीट दिलं. खाकी साडी, कमरेला चामड्याची पिशवी, आवाज आजीचा.

गाडी सरळ आली आणि खड्डा क्रमांक एकपाशी हळू होऊन बाजूनं वळसा घालू लागली. माझ्या पुढच्या बाकावर एक तरुण होता. नवा असावा. कपाळ दांडीला लागलं, तसा तो चिडला. "काय लोक आहेत! अख्खा रस्ता चांगला आणि हा एक खड्डा बुजवता येत नाही? दोन घमेली खडी टाकली की काम झालं. उद्या मीच टाकतो."

सिंधूनं घंटीची दोरी धरली आणि त्याच्याकडं वळली.

"त्याला हात लावायचा नाही, भाऊ," ती म्हणाली. "तो आहे म्हणून ही गाडी आहे."

आणि तिनं घंटी वाजवली. खाली पोरं खड्ड्याभोवती गोल करून बसली होती.